पायानें उघडणारा केराचा डबा

देवघर कसें असावें, चूल कोणत्या दिशेस असावी, कोठीच्या खोलींत उजेड कितपत असावा, याविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. केराचा डबा कसा असावा, याविषयीं मात्र कोणी लेखणी झिजविल्याचें माझ्या वाचनांत नाहीं. विषय क्षुद्र खरा. परंतु ज्या वस्तूपाशीं घरांतील प्रत्येक माणसाला दिवसांतून अनेक वेळां जावें लागतें, ती क्षुद्र म्हणून सोडून देणें कितपत शहाणपणाचें, याचा विचार वाचकांनींच करावा. आयुष्यभर मुलांकडून शब्द व धातू घोकून घेणाऱ्या माझ्यासारख्या पंतोजीनें सेवानिवृत्तीनंतर या विषयांत कां लक्ष घातलें, हें प्रथम सांगतों.

आमचें घर धर्माबादेस. घरांत तीन पिढ्या नव्हे, मातुःश्री धरून चार पिढ्या एका स्वयंपाकघरांत जेवतात. दोन वर्षांपूर्वीं चिरंजीवांनीं बाजारांतून पायानें उघडणारा एक प्लॅस्टिकचा डबा आणला. पहिले आठ दिवस त्याचें कौतुक झालें. नवव्या दिवशीं धाकट्या नातीनें पट्टीवर जोरानें पाय दिला, तों डब्याची मागची बाजू उचलली गेली आणि वांग्याचीं देठें, चहाचा चोथा, भिजलेली पोळी, सर्व कांहीं फरशीवर आलें. पुढें उन्हाळ्यांत वर्षाचें तिखट करण्याची वेळ आली. आमचा गांव मिरचीच्या बाजारासाठीं प्रसिद्ध. घरोघर मिरच्यांचीं देठें खुडलीं जातात. तीं देठें व बिया डब्यांत पडल्यावर प्रत्येक वेळीं झांकण खाडकन् आपटे, आंतील खकाणा वर उडे आणि सगळें घर शिंकत सुटे. महिन्याभरांत पट्टीचा सांधा निखळला व झांकण पुन्हां हातानें उचलण्याची पाळी आली.

मातुःश्री म्हणाल्या, "अरे, पायानें उघडायचा म्हणून आणलास, आणि आतां पाय, हात, कंबर, तिन्ही वापरावीं लागतात कीं!"

सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. पण दिवसाकाठीं सर्वांत अधिक वेळां त्या डब्यापाशीं जाणाऱ्या त्याच होत्या. तेव्हां मनांत आलें कीं, आपणांस उद्योग नाहीं, वेळ भरपूर आहे. हा डबा आपणच नीट कां करूं नये?

काम हातीं घेण्यापूर्वीं इतर ठिकाणीं या बाबतींत काय झालें आहे, तें पाहिलें. पॅरिस शहरांत १८८३ सालच्या नोव्हेंबरांत पूबेल नांवाच्या मुख्य अधिकाऱ्यानें हुकूम काढला कीं, प्रत्येक घरमालकानें झांकणाचा डबा ठेविलाच पाहिजे. इतकेंच नव्हे तर कुजणारा केर एका डब्यांत, कागद व चिंध्या दुसऱ्यांत आणि कांच, फुटकीं भांडीं व कालवांचे शिंपले तिसऱ्यांत टाकले पाहिजेत. घरमालक चिडले. रस्त्यावर चिंध्या वेंचून पोट भरणारे लोकही आपली भाकर जाईल म्हणून संतापले. चेष्टेनें त्या डब्याला त्या अधिकाऱ्याचेंच नांव पडलें, आणि आजही फ्रेंच भाषेंत केराच्या डब्याला 'पूबेल' असेंच म्हणतात. आपण ज्याला ओला कचरा व सुका कचरा म्हणतों व ज्याची सक्ती आपल्या देशांत २०१६ सालच्या नियमांनीं स्पष्ट शब्दांत केली, ती कल्पना अशी जुनी आहे.

पायाच्या पट्टीचें श्रेय बहुधा अमेरिकेंतील लिलियन गिलब्रेथ या विदुषीस देतात. यांचा जन्म १८७८ सालचा, मृत्यु १९७२ सालचा. पति फ्रँक व त्या, असे दोघे मिळून माणसाच्या हालचालींचा अभ्यास करीत. गवंडी वीट रचतांना अठरा हालचाली करतो, त्या पांचांवर आणतां येतात, असें फ्रँक यांनीं दाखवून दिलें होतें. १९२४ सालीं ते अकस्मात् वारले. पदरीं मोठें कुटुंब; या दांपत्यास बारा अपत्यें झालीं होतीं. स्त्रीकडून कारखान्याच्या कामांत सल्ला घेण्यास पुष्कळ कारखानदार तयार होईनात. तेव्हां बाईंनीं आपली विद्या स्वयंपाकघराकडे वळविली. ओटा किती उंच असावा, भांडीं कोणत्या हाताशीं असावींत, बाईमाणसाला दिवसांतून किती पावलें उगाच टाकावीं लागतात, हें सर्व त्यांनीं मोजून पाहिलें. विधवा स्त्रीनें पोरांच्या पोटासाठीं केलेली ही तपश्चर्या होय.

तिसरी गोष्ट डेन्मार्कची. १९३९ सालीं होल्गर नील्सन नांवाच्या धातुकाम करणाऱ्या तरुणानें, आपल्या पत्नीच्या केश-प्रसाधनाच्या दुकानासाठीं पायानें उघडणारा एक मजबूत डबा बनविला. तिच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांना तो आवडला. पुढें डॉक्टरांनीं व दंतवैद्यांनीं तसे मागविले. आणि २००९ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानें तो आपल्या संग्रहांत घेतला. एका कारागिरानें घरच्या माणसाची अडचण पाहून केलेली वस्तु कोठवर पोंचते, पाहा!

गिलब्रेथबाईंचा मार्ग धरून मींही आमच्या स्वयंपाकघरांत हालचाली मोजल्या. साधें झांकण असलेल्या डब्यांत ताटांतील खरकटें टाकावयाचें म्हणजे ताट खालीं ठेवणें, वांकणें, झांकण उचलून बाजूस ठेवणें, ताट घेणें, खरकटें टाकणें, ताट ठेवणें, झांकण लावणें, उठणें, आणि शेवटीं हात धुणें, अशा नऊ क्रिया होतात. पायानें उघडणाऱ्या डब्यांत पाय दाबणें, खरकटें टाकणें, पाय काढणें, अशा तीनच. हात झांकणाला लागत नाहीं, म्हणून पाणीही वांचतें. सोंवळेंओंवळें पाळणाऱ्या आमच्या मातुःश्रींना पटला तो हाच भाग. शिवाय पायाचें काम आपणांस कांहीं नवें नाहीं. कोष्टी मागावर पाय चालवितो, शिंपी यंत्रावर चालवितो, आणि जुन्या संगीत नाटकांच्या मंडळ्यांत पायपेटी पायानेंच वाजत असे.

आतां रचनेकडे वळूं. हा डबा म्हणजे एकावर एक काम करणाऱ्या दोन तरफा होत. तळाशीं असलेली पट्टी ही पहिली तरफ. तिचें पुढचें टोक पायानें खालीं जातें, टेकूच्या मागचें टोक वर येतें व एक उभी सळई वर ढकलतें. झांकण ही दुसरी तरफ. सळई बिजागरीच्या अगदीं जवळ टेकते, म्हणून ती थोडी उचलली तरी झांकण पुष्कळ उघडतें. मात्र विश्वांत फुकट कांहीं मिळत नाहीं. हालचाल वाढली कीं जोरही वाढतो. आमच्या पत्र्याच्या झांकणाचें वजन ३०० ग्रॅम. त्याचा मध्य बिजागरीपासून १२ सेंटिमीटर, आणि सळई टेकते ती ३ सेंटिमीटरवर. म्हणजे सळईला चौपट, १,२०० ग्रॅम, इतका जोर लावावा लागतो. तळाच्या पट्टीचा पुढचा भाग मागच्या भागाच्या सुमारें दीडपट ठेविला, तर पावलाला सुमारें ८०० ग्रॅम पुरतात. मात्र सळई पावणेतीन सेंटिमीटर उचलण्यासाठीं पट्टीचें टोक सुमारें चार सेंटिमीटर खालीं जावें लागतें. टांच जमिनीवर टेकून बोटांनीं दाबावयास एवढी उंची सोईची पडते. पाऊल सबंध उचलावें लागलें, तर म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो, हें पट्टी बसविणाऱ्यानें विसरूं नये.

मीं पत्र्याचें काम करणाऱ्या एका कारागिराकडून पंधरा किलोच्या तेलाचा रिकामा डबा कापून घेतला. त्याची बाजू सुमारें २४ सेंटिमीटर असते, उंची ३५ च्या आसपास. आंत सहा लिटरांची बादली बसविली. डब्याच्या पुढें १० सेंटिमीटर पट्टी काढली, आणि मोठ्या अभिमानानें पाय ठेविला. डब्यानें विकतच्या डब्यासारखीच मागची बाजू उचलली!

तेव्हां मॅट्रिकच्या पुस्तकांतील पदार्थविज्ञान आठवावें लागलें. रिकामा डबा दीड किलोचा. त्याचें वजन पुढच्या कडेपासून १२ सेंटिमीटरवर. गुणाकार १८. पाय पुढच्या कडेच्या बाहेर १० सेंटिमीटरवर. म्हणजे पावलाचा जोर १.८ किलोच्या वर गेला कीं डबा उलटणारच. झांकण उघडावयास ८०० ग्रॅम पुरतात खरे, पण धांवत आलेलें मूल ग्रॅम मोजून पाय देत नाहीं! झांकण पूर्ण उघडून अडलें, आणि पाय दाबीतच राहिला, म्हणजे तो सर्व जोर डबा उचलण्यांत जातो.

यावर तीन उपाय केले. पहिला, पट्टी १० ऐवजी ६ सेंटिमीटरच बाहेर ठेविली. दुसरा, तीन किलोची एक वीट मधोमध फोडून तिचे दोन तुकडे तळाशीं मागच्या अंगास, सळईच्या दोन्ही बाजूंस बसविले. विटेचें वजन पुढच्या कडेपासून १८ सेंटिमीटरवर आलें. म्हणजे ५४ ची भर पडली. आतां डबा उलटावयास १२ किलोंचा जोर लागतो. तिसरा उपाय सर्वांत सोपा, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा. झांकण आपल्या अडणीला लागण्यापूर्वींच पट्टीचें टोक जमिनीला टेकेल, असें माप ठेविलें. मग कोणी कितीही जोरानें दाबो, वरचा सर्व भार धरणी सोसते. सांध्यालाही इजा होत नाहीं. आमचा पहिला डबा निखळला तो हेंच नसल्यामुळें.

झांकण ७० अंशांपलीकडे उघडूं दिलें नाहीं. सरळ उभें राहिलें तर तें आपोआप परत येत नाहीं. सळई ज्या छिद्रांतून वर जाते, त्यांत सायकलच्या जुन्या ट्यूबचें कडें घट्ट बसविलें. सळई रबराला घासत हळू उतरते, म्हणून झांकण आपटत नाहीं व मिरचीचा खकाणा उडत नाहीं. पट्टीची कड दुमडून गोल केली व तिच्यावरही ट्यूबचा तुकडा चढविला. आपल्या स्वयंपाकघरांत अनवाणी व पुष्कळदां ओल्या पायानें वावरतात. वहाणा घालून वावरणाऱ्यांच्या देशांतील पट्टी येथें जशीच्या तशी चालावयाची नाहीं. बादली मुद्दाम लहान ठेविली. आमच्याकडे वैशाखांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो; ओला केर एका दिवसांतच आंबतो. मोठा डबा म्हणजे उद्यांवर ढकलण्याची सवय. सुक्या केराला झांकणाची गरज नाहीं. त्यासाठीं बाजूला एक साधी टोपली पुरे.

डबा तयार झाला. मातुःश्री आपल्या काठीचें टोक पट्टीवर टेकून झांकण उघडूं लागल्या. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, आतां खरी सोय झाली." लेख येथें संपावयास हरकत नव्हती. पण खरें सांगावयाचें तें पुढेंच आहे.

दुसऱ्या दिवशीं घंटागाडी आली. गाडीबरोबर येणाऱ्या बाईंना मी हौसेनें आंत बोलावून तो डबा दाखविला. त्यांनीं पाय देऊन झांकण दोनदां उघडून पाहिलें, हंसल्या, आणि बादली बाहेर काढून म्हणाल्या, "गुरुजी, झाकण लई बेस झालं. पण उलटी करायला खालून धरायला काहीच नाही बघा. मग चिकटलेलं काढायला हातच घालावा लागतो आत." बोलतांना त्यांनीं हात पुढें केला, तेव्हां बोटाला बांधलेली चिंधी दिसली. मीं विचारलें. त्या सहज म्हणाल्या, "ते मागल्या आठवड्यातलं. काच होती."

मागच्या आठवड्यांत आमच्याकडे कांचेचा पेला फुटला होता. त्याचे तुकडे मींच गोळा करून, भाजीच्या देंठांखालीं, कोणाला लागूं नयेत म्हणून, केरांत खोल दडविले होते. "कोणाला" या शब्दांत माझ्या मनाशीं फक्त घरचीं माणसें होतीं. ती कांच आमच्याच घरची, हें त्या बाईंनीं म्हटलें नाहीं. त्यांना तें ठाऊक असण्याचें कारणही नव्हतें. मला मात्र ठाऊक होतें. मीं तें त्यांना सांगितलें. त्या म्हणाल्या, "असू द्या गुरुजी, रोजचंच हाय." या दोन शब्दांनीं मला जेवढें लाजविलें, तेवढें रागावून बोलल्यानें लाजविलें नसतें.

महिनाभर मी तरफा मोजीत बसलों, पण मोजला तो केर टाकणारा हात. बादली रिकामी करणारा दुसरा हात आणि केर वाहून नेणारा व निवडणारा तिसरा हात माझ्या हिशेबांत आलाच नव्हता. गिलब्रेथबाईंच्या रीतीनें नऊ क्रियांच्या तीन केल्या; पण त्यांतल्या कांहीं क्रिया नाहींशा न होतां उंबऱ्याबाहेरच्या माणसाच्या माथीं गेल्या होत्या.

आपल्या स्मृतिकारांनीं गृहस्थाच्या घरांत पांच सूना, म्हणजे हिंसेचीं स्थानें, सांगितलीं आहेत: चूल, जातें-पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. गृहस्थ कितीही सज्जन असो, या पांच ठिकाणीं त्याच्या हातून नकळत जीवांस इजा होते, म्हणून रोजचे पंचमहायज्ञ. हा पाठ मीं अनेकदां शिकविला. पण केरसुणीनें मुंगी मरते एवढाच त्याचा अर्थ मीं मुलांना सांगत आलों. केरसुणीनें लोटलेली कांच पुढें कोणाच्या बोटांत शिरते, हें मनांत आलें नाहीं. तसेंच यज्ञशाळेंत वेदी झाडल्यावर तो केर वाटेल तेथें फेंकीत नसत. त्यासाठीं 'उत्कर' नांवाची जागा नेमलेली असे. आपला 'उकिरडा' हा शब्द त्यापासूनच आला आहे. ज्या कर्मांत केरालासुद्धां नेमलेली जागा होती, त्याचा वारसा सांगणाऱ्या आम्हीं केर उंबऱ्याबाहेर गेला कीं तो नाहींसा झाला, असें मानावें, हें योग्य नव्हे. तो वाहण्याचें काम पिढ्यान् पिढ्या ठराविक जातींच्या माणसांवर आपणच लादलें, ही गोष्ट आपल्या घरांत तरी मोकळेपणानें बोलली पाहिजे.

कोंकणांतील अप्पासाहेब पटवर्धनांनीं ती नुसती बोलून दाखविली नाहीं. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत असतांना, भंग्याचें काम आपणांस करूं द्यावें, म्हणून त्यांनीं अन्नत्याग केला. येरवड्याहून गांधीजींनींही त्यांच्या पाठिंब्यासाठीं उपोषण आरंभिलें. पुढें १९४८ सालीं त्यांनीं कणकवलीस गोपुरी आश्रम काढला. मैल्याला माणसाचा हात लागूं नये व त्याचें उत्तम खत व्हावें, अशी संडासाची रचना त्यांनीं तेथें बसविली. एका सुशिक्षित ब्राह्मणानें आपली बुद्धि कोठें खर्च केली, हें पाहण्यासारखें आहे. सोय म्हणजे कोणाची सोय, हा प्रश्न त्यांनीं आधीं सोडविला, व मग माप घेतलें.

आमच्या काळांत पुण्याचें उदाहरण आहे. १९९३ सालीं तेथें कागद, कांच, पत्रा वेंचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत उभी राहिली; तींतूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली, आणि २००८ पासून तिचे सभासद महानगरपालिकेशीं करार करून घरोघरचा केर गोळा करूं लागले. त्यांत बहुसंख्य स्त्रियाच. वापरलेल्या आरोग्य-पट्ट्या कागदांत गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, एवढीच एक विनंति त्यांनीं घरांना केली. लाल ठिपका पाहिला म्हणजे पुडी उघडण्याचें कारण उरत नाहीं. घरांतील बाईचा त्यावर अर्धा मिनिटही जात नाहीं.

मीं पुन्हां त्या कारागिराकडे गेलों. बादलीच्या बुडाशीं बाहेरून एक कडी बसवून घेतली, म्हणजे एका हातानें वरची कड व दुसऱ्यानें बुडाची कडी धरून ती सहज उलटी होते. बादलीची वरची कड दुमडून घेतली. तळाशीं रोज जुन्या वर्तमानपत्राची घडी ठेवतों. केर चिकटत नाहीं, हात घालावा लागत नाहीं. शिवाय एक झांकणाचा लहान डबा वेगळा केला आणि त्यावर तांबड्या रंगानें ठिपका काढला. फुटकी कांच, वस्तऱ्याचीं पातीं, सुया व शिळ्या औषधांच्या बाटल्या त्यांतच जातात; कांच आधीं जाड कागदांत बांधावयाची, हा नियम नातवंडेंही पाळतात. तो डबा भरला कीं घरचें माणूस तो बाईंच्या हातीं वेगळा देतें व आंत काय आहे तें तोंडानें सांगतें. ही बादली मी प्रथम त्या बाईंच्याच हातीं दिली. त्यांनीं ती उलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "आता बरोबर."

ज्या वाचकांकडे असा डबा असेल किंवा घ्यावयाचा असेल, त्यांनीं एवढें पाहावें. टांच न उचलतां पट्टी दबते काय? जोरानें पाय दिल्यास मागची बाजू उचलते काय? झांकण अडण्यापूर्वीं पट्टी जमिनीला टेकते काय? अनवाणी बोटाला कड लागते काय? आणि शेवटीं, बादली हात न घालतां रिकामी होते काय? पहिल्या चार प्रश्नांचें उत्तर घरांत मिळेल. पांचव्याचें उत्तर सकाळीं दाराशीं येणाऱ्या माणसाला विचारावें लागेल. तें विचारण्यास मीं एक महिना उशीर केला. वाचकांनीं करूं नये.